काठीवरची मोकळी जागा

लाकडं जरा मागे ओढा, मासे करपतायत. डोळे गेले म्हणून नाक गेलेलं नाही माझं.

हं, बसा आता. तुम्हाला अंधार आत्ता पडला, मला तीस वर्षांपूर्वीच पडला, तेव्हा असली गोष्ट सांगायला मला रात्र लागत नाही. पण सेया विचारतेय म्हणून सांगतो. उद्या तिला पहिल्यांदा चारचौघांसमोर गावची मानाची काठी, तिच्या कोरीव खुणांवर अंगठा फिरवत, वाचायची आहे, आणि दुपारपासून पोरीनं एकच टुमणं लावलंय. "उम्बाबाबा, मधल्या मोकळ्या जागेवर अंगठा आला की गप्प का बसायचं?" नियम आहे म्हणून, असं सांगितलं तर हल्ली कोणाला पटत नाही. मग ऐका. हे नुम्बीच्या बाबतीत घडलं. नुम्बी म्हणजे आपला मोटारसायकलवाला, लेंगेकाकांचा पुतण्या. लेंगेकाका तेव्हाही गावचे मुख्य होते. नुम्बीच्या तोंडून मी हे इतक्या वेळा ऐकलंय, की सांगताना कुठे त्याला धाप लागायची तेही मला पाठ आहे.

नऊ वर्षं झाली. ऑगस्टची पंचवीस तारीख, गुरुवार. पौर्णिमा होऊन सात रात्री झालेल्या, म्हणजे चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला उगवणार होता. गवतं जाळायचे दिवस. रात्री चांगलीच थंडी पडायची.

काम साधं होतं. किलेम्बेला त्याच्या काप्या आत्याकडे जायचं, काठी घ्यायची आणि परत यायचं. चाळीस किलोमीटर जाणं, चाळीस येणं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला सरकारी साहेब बोटीनं इथे येणार होते. पलीकडच्या काठच्या लोकांनी अर्ज केला होता, की कियोलोचा धक्का मुळात त्यांचा. हो, हाच धक्का, ज्यावर तुम्ही पाय पसरून बसलायत. साहेबांनी सांगून टाकलं होतं, कागद दोघांकडेही नाहीत, तर ज्यांच्या काठीवर हा धक्का कोरलेला असेल त्यांचा धक्का. आठ ते बारा थांबणार, मग बोट पुढे. काठी आली नाही तर आपल्या साठ होड्यांना लागायला जागा नाही. मग कसले मासे आणि कसलं गाव?

"आणि आणायला कोणाला पाठवता? नुम्बीला?" लोक तोंडावर हसले. "मग साहेबांना सांगा, पुढच्या आठवड्यात या."

नुम्बीला हे झोंबायचं. त्याला वाईट याचं वाटायचं, की लोक म्हणत होते त्यात थोडं खरं होतं. दोन वर्षांपूर्वी मुजिंगाकाकू, लेंगेकाकांची बायको, बाळंतपणात अडली. लुबोंदोहून नर्सबाईंना आणायला नुम्बीच गेला होता. येताना साखळी तुटली. साखळी तुटली यात त्याचा काय दोष, सांगा? पण तो पोचला तेव्हा बायका दारात बसून रडत होत्या. काकू गेली, बाळही गेलं. लेंगेकाका एवढंच म्हणाले, "उशीर केलास." पुढची दोन वर्षं ते पुतण्याशी कामापुरतं बोलले. या वेळीसुद्धा त्यालाच पाठवायचं कारण, त्या आठवड्यात गावात त्याची एकच गाडी धड चालत होती.

तेव्हा नुम्बीनं मनाशी ठरवलं होतं, काय वाटेल ते होवो, या वेळी वेळेवर पोचायचं.

दुपारी तीनला तो किलेम्बेला पोचला. आत्या त्विते आजोबांच्या घरात, दाराशी बसलेली. हातांना पांढरी माती लावलेली, काठी शेजारी जमिनीत रोवलेली.

"आत्या, काठी दे. निघतो लगेच."

"कोण आत्या?"

नुम्बीनं दात आवळले. त्विते आजोबा, आपले पूर्वीचे मुख्य, जाऊन तेव्हा चाळीस वर्षं झाली होती, ते आत्याच्या अंगात राहतात हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं. हाताला पांढरी माती असली की ती आत्या नसते. पण घाईच्या वेळी माणसाच्या तोंडातून निघून जातं.

त्यानं गुडघे टेकले, टाळी वाजवली. "आजोबा, काठी द्या. निघतो."

"जेवलास?"

"वेळ नाही हो."

"मी वेळ विचारली नाही. जेवलास का, ते विचारलं."

मग मक्याच्या पिठाच्या बुकारीचा गोळा आला. मग भाजलेला मासा. मासा संपेतो आत्याला आठवलं, की काठी गुंडाळायचं कापड सकाळीच धुतलंय आणि ते अजून ओलं आहे. ओल्या कापडात काठी गुंडाळायची नाही. कापड वाळेपर्यंत बसा. नुम्बी अंगणात येरझाऱ्या घालू लागला. फोन काढला, रेंज नव्हती. काकांना कळवायचीही सोय नाही.

"आणि मी पुढे चालणार," आत्या म्हणाली. "काठीच्या पुढे घरातली बाई चालते. नेहमी चालत आलीये."

"चाळीस किलोमीटर? आजोबा, तुमचे गुडघे तरी..."

"गुडघे आत्याचे आहेत. म्हणून तर दुखतात."

हसा. नुम्बीला नाही हसू आलं. तासभर वाद झाला. शेवटी आत्या म्हणाली, "बरं, नेतोस तर ने गाडीवर. पण आधी अंगठा फिरव."

"लहानपणापासून पाठ आहे मला!"

"पाठ असणं निराळं. फिरव."

फिरवला. वर डोक्याशी कोरलेली बाई, ते किलेम्बे. तिच्या पायाखाली रुंद पाटी, ते म्पांदे. मग हातभर मोकळी, बारीक, गुळगुळीत काठी. मग फुगवटा, ते लुबोंदो. आणि खाली लोखंडी टोकाच्या वर तीन आडव्या रेघा, तो आपला धक्का.

"धरायची तर पाटीला धर, नाहीतर फुगवट्याला," आत्या म्हणाली. "मधल्या मोकळ्याला हात आवळायचा नाही. ती वाट आहे. ऐकलंस?"

"हो."

"काय ऐकलंस?"

"हो, हो, हो!"

ऐकलं कुठलं? तो तिच्या खांद्यावरून मावळता सूर्य बघत होता. नुम्बी मला हे सांगायचा तेव्हा इथे थांबायचा आणि स्वतःच्याच कपाळावर हात मारून घ्यायचा.

निघाला तेव्हा पावणेसात झालेले. काळोख. काठी पाठीला बांधलेली, तर दर खड्ड्याला कोरलेल्या बाईचं डोकं त्याच्या टाळक्यात बसतंय. वीस किलोमीटर त्यानं शिव्या देत काढले. म्पांदेचं शेवटचं घर आलं, ज्याच्या दोरीवर एक लाल कापड वाळत होतं, तिथे तो थांबला. काठी पाठीवरून काढली आणि सीटच्या बाजूनं गाडीला लावली. बांधायला जुन्या ट्यूबची पट्टी होती. रुंद पाटीवर आवळली तर पाटी तडकेल. फुगवट्यावरून पट्टी घसरत होती. मधली बारीक जागा मात्र अगदी सोयीची. तिथे त्यानं तीन वेढे घेतले, दुहेरी गाठ मारली, हलवून बघितलं. काठी तसूभर हलेना.

चला, आज एक काम तरी धड झालं, असं म्हणून त्यानं किक मारली. फोनवर वेळ बघितली. सात पन्नास.

म्पांदे ते लुबोंदो अकरा किलोमीटर माळ. घर नाही, फाटा नाही. मध्यावर ते मोठं वारूळ, गाडीपेक्षा उंच. दोन्ही बाजूंना जळलेलं काळं गवत. नुम्बीची ही रोजची वाट, डोळे मिटून जाईल अशी. वारूळ मागे पडलं. वळण आलं. आता लुबोंदोच्या शाळेचा पत्रा दिसायला हवा म्हणून त्यानं मान उंचावली.

दिव्याच्या उजेडात लाल कापड दिसलं.

दोरीवर वाळत असलेलं. म्पांदेचं शेवटचं घर.

नुम्बीनं ब्रेक दाबला. पहिल्यांदा त्याला भीती नाही वाटली, रागच आला. कुठेतरी गरकन वळलो असणार, असं त्याला वाटलं. दमलोय, सकाळपासून गाडीवर आहे. गाडी फिरवली, परत निघाला. या वेळी हळू, डोळे फाडून.

वारुळाशी एक माणूस बसला होता. शेजारी सायकल आडवी टाकलेली, तिच्यावर कोळशाची पोती.

"काय बाबा, लुबोंदोला हीच वाट ना?"

"हीच."

"मग तुम्ही बसलात का?"

"वाट बघतोय."

"कशाची?"

माणसानं पुन्हा वाटेकडे तोंड केलं. नुम्बी म्हणाला, मर, आणि पुढे गेला. वळण घेतलं.

लाल कापड.

आता मात्र त्याचं डोकं फिरलं. तो उतरला आणि त्या घराच्या दारावर धडाधडा थापा मारल्या. आतून बाईचा आवाज आला. "कोण मेलंय?"

"आई, लुबोंदोची वाट कुठली?"

"आँ? मघाशी दोनदा गेलास ना तू भुर्र भुर्र करत? सरळ जा की!"

"सरळच जातोय!"

"मग जा की मुकाट्यानं! झोपलीयेत माणसं!"

तिसऱ्या वेळी तो उतरून निघाला. गाडी ढकलत, पायाखालची जमीन बघत. अकरा किलोमीटर ढकलणार होता, इतका हट्टाला पेटलेला. थंडीतही पाठीवरून घाम ओघळत होता. चकवा लागतो म्हणतात, तसलं काही तो मानत नव्हता. त्याच्या डोक्यात फक्त काकांचा चेहरा होता. उशीर केलास. उद्या सगळं गाव म्हणणार, उशीर केलास. साहेब घड्याळ बघणार, बोट सुटणार, पलीकडचे लोक होड्या घेऊन येणार. त्याला रडू यायला लागलं, खरंच. चाळिशीला टेकलेला माणूस, गाडी ढकलत रडतोय.

वारुळाशी आता सात-आठ जणं होती. वाटेच्या दोन्ही कडांना. बायका होत्या, टोपल्या मांडीवर घेतलेल्या. सगळी गप्प.

"तुम्हीपण वाट बघताय?"

जळलेल्या गवताची राख होती सगळीकडे. नुम्बीच्या चपला, पँट, हात, सगळं काळं झालेलं.

त्यांच्या कपड्यांवर राख नव्हती.

त्यानं ते पाहिलं. पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. गाडीवर बसला. किक. वेग घेतला. वळण.

लाल कापड.

त्यानं दारावर थाप मारली नाही. फोन बघितला. अकरा चाळीस. गाडी फिरवली.

चंद्र उगवत होता. अर्धा, लालसर. वारूळ दिसलं, आणि गाडी आपोआप बंद पडली. दिवा गेला.

शांत.

दोन्ही कडांना माणसं. खूप. जवळजवळ बसलेली. सगळ्यांची तोंडं त्याच्याकडे. कोणी हलत नव्हतं. कोणी खोकतसुद्धा नव्हतं.

"सरका," नुम्बी म्हणाला. "सरका ना. मला जायचंय."

"आम्हालाही जायचंय," सायकलवाला म्हणाला.

"मग जा ना! कोणी अडवलंय?"

"वाट बांधलीये."

"कोणी बांधली?"

...

"अरे, कोणी बांधली?"

तेव्हा पुढच्या रांगेतून एक बाई बोलली. हळू. आवाज ओळखीचा.

"आजपण उशीर, नुम्बी?"

मुजिंगाकाकू. पाठीवर कापडात काहीतरी बांधलेलं. ते हलत नव्हतं.

नुम्बीला ओरडायचं होतं. त्याला म्हणायचं होतं, साखळी तुटली काकू, मी काय करू, साखळी तुटली. दोन वर्षं हेच म्हणायचं होतं त्याला, आणि ऐकून घ्यायला कोणी तयार नव्हतं. आता ती समोर होती, आणि तोंडातून शब्द नाही.

तिनं बोट उचललं. त्याच्याकडे नाही. त्याच्या मागे. सीटकडे.

त्यानं हात मागे नेला. डोळे तिच्यावरच. हाताला कापडातून कोरलेली बाई लागली. किलेम्बे. अंगठा खाली सरकला. पाटी. म्पांदे. अंगठा आणखी खाली...

रबर.

तीन वेढे. दुहेरी गाठ.

आणि तेव्हा त्याला ते ऐकू आलं. आत्याचं. दुपारी कानावरून गेलेलं. ती वाट आहे. ऐकलंस?

तो गाठ सोडायला लागला. बोटं बधिर. थंडीनं रबर दगडासारखं. नखं मोडली. गाठ सुटेना. नेहमी हेच! आयुष्यभर हेच! त्यानं दातांनी धरली. ओढली. हिरडीतून रक्त आलं. ओढत राहिला, हुंदके देत, शिव्या देत. सगळी बघत होती. कोणी घाई कर म्हणालं नाही. त्यांना वेळच वेळ होता.

सुटली.

एकेक जण उठला. पाय वाजले नाहीत. एकेक जण काठीसमोर आला. जरा वाकला. एक टाळी, मुख्यासमोर वाजवतो तशी, हलकी. मग लुबोंदोच्या दिशेला. सायकलवाला. टोपलीवाल्या. म्हातारे. नुम्बी मोजत होता. का मोजत होता, त्यालाही कळलं नाही कधी. एकवीस.

बाविसावी काकू.

ती थांबली. त्याच्याकडे बघितलं. रागानं नाही.

"दमलास रे," म्हणाली. "बस जरा."

जिथे ती बसली होती, तिकडे तिनं हात केला. आणि गेली.

आणि नुम्बी बसला.

मी त्याला कितीदा म्हणालो, अरे, का बसलास? तो म्हणायचा, बाबा, दोन वर्षांत घरातल्या कोणी मला बस म्हणालं नव्हतं. पाय गेले होते माझे. ऑगस्टची रात्र, सगळी जमीन गार... तेवढी जागा उबदार होती.

क्षणभरच बसलो, असं तो सांगायचा. उठला तेव्हा पूर्वेला फटफटलं होतं. गाडी पहिल्या किकला सुरू झाली. लुबोंदो दहा मिनिटांत आलं. साडेसहाला तो इथे, या धक्क्यावर उभा होता. दीड तास आधी!

लेंगेकाका बाहेर आले. काठी बघितली, पुतण्याच्या ओठांवरचं रक्त बघितलं. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "वेळेवर आलास," ते म्हणाले.

नुम्बी म्हणाला, "काका, मी आलो कुठे अजून?"

लोकांना वाटलं, रात्रीचा शिणवटा. मलाही तेच वाटलं.

आठला साहेब आले. काठी रोवली. वाचायला मी. वरून सुरुवात केली. बाई, किलेम्बे, आजोबांचं नाव, त्यांच्या आजोबांचं नाव. पाटी, म्पांदे, तिथली नावं. मग मोकळी जागा. तिथे कोणी राहत नाही, म्हणून तिथे आपण गप्प राहतो. माझ्या गुरूनं मला असंच शिकवलं. चाळीस वर्षं त्या जागेवरून माझा अंगठा न बोलता खाली गेलेला आहे, सेया.

त्या दिवशी अंगठा अडला.

खळी होती. मक्याच्या दाण्याएवढी, काठीवर बसलेला माणूस दाखवतात तशी. मी अंगठा वर नेला, परत खाली आणला. होती. वाचणाऱ्यानं अंगठ्याला लागेल ते बोलायचं, लपवायचं नाही. मी बोललो.

"इथे एक माणूस बसलेला आहे."

एकच गोंधळ झाला. पलीकडचे ओरडले, काल रात्री कोरली! लबाडी! आमच्या आजोबांनी ही काठी पाहिली होती, तिथे काही नव्हतं! लेंगेकाकांचा आवाज मी तेवढा कधी चढलेला ऐकला नव्हता. मला वाटलं, गेला धक्का. एवढ्या हालअपेष्टा करून आणली आणि गेला. साहेबांनी चष्मा लावून खळी बघितली. मग पलीकडच्या लोकांचा वाचणारा पुढे आला. त्यानं अंगठा ठेवला. बराच वेळ ठेवला. माणूस प्रामाणिक होता, त्याचं भलं होवो.

"जुनी आहे," तो म्हणाला. "कडा झिजलेल्या आहेत. कितीतरी हात फिरलेत हिच्यावरून." आणि अंगठा झटकत मागे सरला. खालच्या तीन रेघा त्यानं स्वतःच वाचल्या. कियोलोचा धक्का.

धक्का राहिला. त्या रात्री लुतुकूची दारू प्यायला गावाला भांडी पुरली नाहीत. नुम्बीला खांद्यावर घेतलं, त्याच्या नावानं नाचले. पण तो कोणाच्याच खांद्यावर नव्हता. तुम्ही लहान होतात, तुम्हाला तो आठवतो तसाच आठवत असेल. जेवताना घास हातात धरून थांबायचा. लग्नात सगळे हसत असताना मान वळवून म्पांदेच्या दिशेला बघायचा. बायको हाक मारायची, तिसऱ्या हाकेला ओ द्यायचा. आणि मधेच, कशाचा काही संबंध नसताना, विचारायचा, "सुटली का?"

मी कितीदा त्याला सांगितलं, सुटली रे बाबा, तूच सोडलीस.

"त्यांची सुटली," तो म्हणायचा.

आत्यानं पांढरी माती लावून पाहिलं. वारुळाशी नेऊन बसवलं, उठवलं, हाका मारल्या. काही झालं नाही. इतका राग यायचा मला! बाविसांना मोकळं केलं त्यानं, आणि त्याला उठवायला एकसुद्धा मागे आला नाही. काठी वाचायची वेळ आली की मला तिथे तेच वाक्य म्हणावं लागायचं, आणि नुम्बी गर्दीत उभा राहून मान हलवायचा. आठ वर्षं.

गेल्या नोव्हेंबरात तो गेला, झोपेत. तुम्ही सगळे होतात. मुख्याचा पुतण्या, म्हणून अंत्ययात्रेत काठी पुढे चालायची होती. त्याआधी वाचायची असते. पहाटे चार वाजता मी अंगणात बसलो, शेजारी त्याची बायको, बाकी कोणी नाही. बाई. पाटी. मी ते वाक्य म्हणायला तोंड उघडलं...

सेया, इकडे ये. काठी इथेच आहे, माझ्या पाठीशी. अंगठा दे. हं. ही बाई. आता पाटी. आता सावकाश खाली.

काय लागतं?

"काही नाही, बाबा."

नीट बघ.

"गुळगुळीत आहे. सगळं गुळगुळीत."

मेण भरलंय का? भुसा? डिंक? नखानं बघ.

"नाही. लाकूडच आहे."

लाकूडच आहे. भरलेली जागा अंगठ्याला कळते, पोरी. ही कोणी भरलेली नाही. इथून एक माणूस उठून गेला आहे. म्हणून उद्या इथे अंगठा आला की गप्प राहायचं.